गुराचं औषध, गिधाडाचं मरण

रत्नागिरी जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांच्या माथ्यावर सडा असतो. जांभ्याच्या कातळाचं उघडं पठार, पावसाळ्यात चार महिने हिरवं आणि एरवी तापलेलं. गावात म्हातारा बैल किंवा भाकड गाय मेली की ती ओढून सड्याच्या एखाद्या कोपऱ्यात, नाहीतर गावकुसाबाहेरच्या ठरलेल्या जागी टाकली जाई. कातडं सोलून झालं की उरलेलं काम आकाशातून येई. आपल्याकडची गिधाडं वासावर येत नाहीत, नजरेने शोधतात. एक खाली उतरलं की दूरवर घिरट्या घालणाऱ्या दुसऱ्याला ते दिसतं, त्याला पाहून तिसरं वळतं. मोठा थवा जमला तर तासाभरात गुराची हाडं उघडी पडत. पांढऱ्या पाठीचं गिधाड हा १९८०च्या दशकात जगातला बहुधा सर्वाधिक संख्येचा मोठा शिकारी पक्षी मानला जाई. इतक्या मुबलक पक्ष्याची मोजदाद करावी असं कुणाच्या मनात येत नाही. कावळे तरी कोण मोजतं?

या मेलेल्या गुरामागे एक माणसांचाही इतिहास आहे आणि तो कोकणात विसरून चालत नाही. मेलेलं जनावर ओढण्याचं काम महार वतनाच्या नावाखाली एका समाजावर पिढ्यान्‌पिढ्या लादलेलं होतं. १९२७च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचं मांस सोडण्याचं आवाहन केलं. पुढे ढोर ओढायला नकार देणं हा स्वाभिमानाचा भाग झाला, आणि १९५८च्या कायद्याने मुंबई राज्यातली ही कनिष्ठ ग्रामवतनं संपली. मेलेल्या गुराचं काय करायचं हा प्रश्न तेव्हा गावाला खरं तर नव्याने पडायला हवा होता. तो फारसा पडला नाही, कारण गिधाड होतं. माणसावर सक्तीने टाकलेल्या कामाचा शेवटचा आणि सर्वांत घाण भाग हा पक्षी फुकट करत होता. १९९०च्या दशकात तो निघून गेला तेव्हाच त्याच्या कामाची किंमत कळायला लागली.

या गोष्टीतलं औषध गिधाडांच्या प्रदेशापासून फार लांब जन्मलं. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या सीबा-गायगी कंपनीत आल्फ्रेड झालमान आणि रुडॉल्फ फिस्टर यांनी १९७३ साली डायक्लोफिनॅक तयार केलं. सूज आणि वेदना वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं शरीरात एका विकराच्या मदतीने बनतात, त्या विकरालाच हे औषध अडवतं. संधिवाताच्या रुग्णांना त्याने मोठा आराम दिला. आपल्याकडे ते ‘व्होवेरान’ या नावाने घराघरांत गेलं. भारताच्या १९७०च्या पेटंट कायद्यात औषधाच्या मूळ रेणूवर मक्तेदारी मिळत नसे, फक्त ते बनवण्याच्या रीतीवर मिळे. त्यामुळे निराळ्या रीतीने तेच औषध बनवायला देशी कंपन्या मोकळ्या होत्या. स्पर्धा वाढली, किंमत उतरली, आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकच्या कुप्या पशुवैद्यकीय दुकानांत दिसू लागल्या.

शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर यात दोष काढायला जागा नाही. गाईला कासदाह झाला, बैल लंगडू लागला, तिवा म्हणजे तीन दिवसांचा ताप आला, की जनावर खात नाही, उठत नाही. इंजेक्शन दिलं की बऱ्याचदा संध्याकाळपर्यंत ते उभं राहतं. कोकणात भाताच्या चिखलणीला मिळणारे दिवस मोजके असतात. मृगाचा पाऊस पडला आणि जोतातला एक बैल बसला, तर वर्षाचं भात गेलं. काही रुपयांत बैल उभा करणारं औषध कोण नाकारील? पशुवैद्यही ते निर्धास्तपणे देत होते, कारण ते गुरांना मानवतं असा अनुभव होता. माणसाला मानवतं, हे तर सगळ्या जगाला माहीत होतं.

‘मानवतं’ याचा अर्थ शरीराच्या आत काय होतो ते इथे पाहायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पोटात किंवा रक्तात आलेलं औषध शरीराला परकं असतं. ते बाहेर काढायचं तर आधी पाण्यात विरघळेल असं रूप त्याला द्यावं लागतं. हे काम मुख्यतः यकृत करतं, सायटोक्रोम पी-४५० या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकरांच्या मोठ्या कुळाकरवी. माणसाच्या यकृतात डायक्लोफिनॅकला हात घालणारा या कुळातला मुख्य सभासद सीवायपी-२सी-९ नावाचा आहे. तो रेणूच्या एका ठरावीक जागी ऑक्सिजन जोडतो, मग मूत्रपिंड आणि पित्त आपलं काम करतात. साधारण दोन तासांत माणसाच्या रक्तातलं निम्मं औषध नाहीसं झालेलं असतं.

हे विकर प्रत्येक प्राण्यात सारखे नसतात. कुळ एकच, पण कोणता विकर आहे, किती आहे, कोणत्या रेणूला धरतो आणि कोणत्याला सोडून देतो, हे जातीगणिक बदलतं. गाईच्या शरीरात डायक्लोफिनॅक काही काळ यकृतात, मूत्रपिंडात आणि मांसात रेंगाळतं. गाय बरी झाली तर ते दोन-तीन दिवसांत निघून जातं आणि काहीच बिघडत नाही. मात्र औषध देऊनही ती त्या दोन-तीन दिवसांत दगावली, तर औषध तिच्या अवयवांतच राहतं आणि तिच्याबरोबर सड्यावर जातं. तिथे चोच आधी शिरते ती मऊ अवयवांत.

गिधाडांच्या रक्तातून निम्मं डायक्लोफिनॅक जायला बारा तासांहून अधिक वेळ लागतो, असं पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या प्रयोगांत दिसलं. पक्षी आपल्यासारखा युरिया टाकत नाहीत, ते युरिक आम्ल टाकतात. गिधाडाच्या मूत्रपिंडातली ती वाट हे औषध बंद पाडतं. युरिक आम्ल रक्तात साचत जातं आणि शेवटी हृदयावर, यकृतावर, आतड्यांवर त्याचे खडूसारखे पांढरे थर बसतात. पाच किलोच्या गिधाडाला एक मिलिग्रॅमच्या आसपासचा अंशही जिवावर बेतू शकतो. आपण गुडघा दुखला म्हणून घेतो ती गोळी ५० मिलिग्रॅमची.

हे सगळं आज एका परिच्छेदात लिहिता येतं. १९९६-९७ साली यातलं काहीही कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं ते एका सवयीमुळे: राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश शिकारी पक्ष्यांची घरटी वर्षानुवर्षं मोजत होते. १९८७-८८ साली तिथे पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या ३५३ जोड्या घरटी करून होत्या. १९९६ साली ते पुन्हा पाहायला गेले तेव्हा निम्म्याहून कमी उरल्या होत्या, आणि झाडांखाली मेलेले पक्षी पडलेले होते. फांदीवर बसलेली गिधाडं मान खाली टाकून तासन्‌तास निपचित बसत आणि मग कोसळत. चार-पाच वर्षांत केवलादेवमधली वसाहत संपली. मुंबईच्या हॉर्नबिल हाउसमधून, म्हणजे सोसायटीच्या कचेरीतून, मग देशभर पाहणी झाली. १९९१-९३च्या काळात ज्या रस्त्यांवर मोजणी केलेली होती, त्याच रस्त्यांवर २००० साली पुन्हा मोजलं, तर नव्वद टक्क्यांहून जास्त पक्षी नाहीसे झालेले. भारतीय गिधाड आणि बारीक चोचीचं गिधाड यांचीही तीच गत होती. २००७ सालापर्यंत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घट ९९.९ टक्क्यांवर जाऊन पोचली. हजारातला एक पक्षी उरला.

मुंबईत हा बदल आणखी एका जागी जाणवला. मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत पारशी समाजाचे दखमे, म्हणजे मृतदेह उघड्यावर ठेवण्याचे मनोरे, आहेत. तिथले अंत्यसंस्कार गिधाडांवर अवलंबून होते. गिधाडं येईनाशी झाली तेव्हा समाजाला आरसे लावून सूर्याची उष्णता एकवटण्याचा उपाय करावा लागला आणि त्यावरून समाजातच मोठे वाद झाले. धर्मविधी, पक्षी आणि औषधाचं दुकान यांचा असा संबंध असेल, हे तेव्हा कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

पहिला संशय साथीवर होता. एकाच वेळी, इतक्या मोठ्या प्रदेशात, एकाच गणातले पक्षी मरत आहेत म्हणजे विषाणू असणार, हे अनुमान चुकीचं म्हणता येत नाही. जाणत्या माणसांनीच ते केलं होतं. कीटकनाशकांचा विचार झाला, अन्न कमी पडल्याचाही झाला. मृत पक्ष्यांचे नमुने परदेशी प्रयोगशाळांत पाठवण्याला आपल्या नियमांचे अडथळे होते. त्यामुळे कोड्याचं उत्तर अखेर सीमेपलीकडून आलं.

पाकिस्तानच्या पंजाबात गिधाडांच्या काही मोठ्या वसाहती तेव्हा शिल्लक होत्या. अमेरिकेतल्या पेरेग्रिन फंड या संस्थेतर्फे पशुवैद्य जे. लिंडसे ओक्स आणि त्यांचे सहकारी २०००पासून तिथे मेलेली गिधाडं गोळा करून उघडून पाहत होते. त्यांनी तपासलेल्या २५९ मोठ्या पक्ष्यांपैकी ८५ टक्क्यांच्या अवयवांवर तो पांढरा थर होता. विषाणू सापडेना, जिवाणू सापडेना, शिसं नाही, कीटकनाशक नाही. मग ओक्स यांनी वेगळा प्रश्न विचारला: गिधाड खातं काय? पाळीव गुरं. मग गुरांना दिलं जातं काय? त्यांच्या गटाने तिथल्या पशुवैद्यांकडे आणि औषधविक्रेत्यांकडे चौकशी केली. मूत्रपिंडाला अपाय करू शकणारं, पोटातून रक्तात शिरणारं आणि नव्यानेच बाजारात आलेलं असं औषध त्या यादीत एकच निघालं.

तपासणी झाली. मूत्रपिंड निकामी होऊन मेलेल्या २५ पक्ष्यांत डायक्लोफिनॅक सापडलं, २५पैकी २५. इतर कारणांनी मेलेल्या १३ पक्ष्यांत ते एकातही नव्हतं. औषध दिलेल्या गुराचं मांस खाऊ घातल्यावर बंदिस्त गिधाडं तशीच मेली. २००४च्या जानेवारीत हा शोध ‘नेचर’मध्ये आला. वन्य पक्ष्याची एवढी मोठी घट पशुवैद्यकीय औषधाने घडवल्याचं त्याआधी कुठे नोंदलं गेलेलं नव्हतं.

थोड्याशा औषधाने एवढा संहार कसा, असा प्रश्न लगेच निघाला. त्याला उत्तर दिलं ते आकडेमोडीने. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिलू वयात यायला पाच-एक वर्षं लागतात. अशा पक्ष्याची संख्या मोठ्यांच्या मृत्यूने झपाट्याने ढासळते. मेलेल्या गुरांपैकी ०.१३ ते ०.७५ टक्क्यांत जरी घातक प्रमाणात औषध असलं, तरी दिसत होती तेवढी घट होण्याला ते पुरेसं होतं, असं रीस ग्रीन आणि सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवलं. नंतर भारतात मृत गुरांच्या यकृताचे नमुने तपासले, तेव्हा सुमारे १० टक्क्यांत डायक्लोफिनॅक निघालं. शिवाय गिधाड एकटं जेवत नाही. एका गुरावर थवा बसतो, आणि एक विषारी गूर थवाच्या थवा नेतं.

आपल्याकडे गुरांचं डायक्लोफिनॅक पसरत होतं त्याच वर्षांत जगाच्या दुसऱ्या टोकाला, एका जातीला मानवणारं औषध दुसरीला मानवेल का, हा प्रश्न उलट बाजूने गाजत होता. १९९३ साली अमेरिकेत बेथेस्डाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हेपटायटिस-बीच्या १५ रुग्णांवर फियालुरिडिन नावाच्या औषधाची चाचणी चालू होती. उंदीर, कुत्रे आणि माकडं यांना ते आधी दिलेलं होतं, यकृताला धोका दिसला नव्हता. काही आठवड्यांनी रुग्णांची यकृतं निकामी होऊ लागली. चाचणी थांबवली, तरी औषधाचा परिणाम थांबला नाही. सात जणांना गंभीर विषबाधा झाली, त्यांतले पाच दगावले आणि दोघे यकृत बदलल्यामुळे वाचले. प्राण्यांवरच्या चाचणीतलं उत्तर चुकलेलं नव्हतं. ते त्या प्राण्यांपुरतं खरं होतं, एवढंच.

यातून पुढे आलेला एक मार्ग म्हणजे माणसाच्या यकृतपेशी अंगात बाळगणारा उंदीर. अमेरिकेत ओरेगॉनला मार्कस ग्रोम्पे यांच्या गटाने २००७ साली त्याची एक जात तयार केली. लहान मुलांच्या एका आनुवंशिक यकृतरोगात जे जनुक बिघडलेलं असतं, ते या उंदरातून काढून टाकलेलं असतं. त्याच्या स्वतःच्या यकृतपेशी एका औषधाच्या आधारावरच तग धरतात. प्रतिकारशक्तीही मुद्दाम काढलेली असते, म्हणजे परक्या पेशी हाकलल्या जाऊ नयेत. मग त्याच्या प्लीहेत माणसाच्या यकृतपेशी टोचतात आणि ते आधाराचं औषध टप्प्याटप्प्याने बंद करतात. उंदराच्या पेशी मरत जातात, माणसाच्या वाढत जातात. जमलं तर यकृताचा नव्वद टक्क्यांपर्यंतचा भाग मानवी होतो. नवं औषध माणसाच्या यकृतात मोडून त्याचं काय काय बनेल, हे रुग्णाच्या तोंडात गोळी जाण्याआधी पाहता येतं. जपानमध्ये अशाच दुसऱ्या जाती तयार झाल्या. त्यांतल्या एका जातीच्या उंदरांना स्टॅनफर्डमध्ये गॅरी पेल्ट्झ यांच्या गटाने फियालुरिडिन दिलं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात मानवी यकृत असलेले उंदीर आजारी पडले, साधे उंदीर पडले नाहीत. ही चाचणी १९९३ साली असती तर ते औषध कदाचित माणसापर्यंत गेलं नसतं.

या उंदराचं कौतुक बेताने करावं. त्याचं यकृत माणसाचं असलं तरी आतडी, मूत्रपिंड आणि हृदय उंदराचंच असतं, आणि प्रतिकारशक्ती नसल्यामुळे तिच्यामुळे होणारे अपाय त्याच्यात दिसत नाहीत. गिधाडांच्या कामी तर तो काहीच येत नाही. खुद्द गिधाडांतही सगळी सारखी नाहीत: अमेरिकेतल्या टर्की गिधाडाला, आपल्या गिधाडांना मारणाऱ्या मात्रेच्या शंभरपटीहून जास्त डायक्लोफिनॅक दिलं तरी काही झालं नाही. नाव एक, काम एक, पण कुळ निराळं आणि यकृत-मूत्रपिंडही निराळं.

त्यामुळे डायक्लोफिनॅकला पर्याय शोधताना खुद्द गिधाडांनाच पणाला लावावं लागलं. जो पक्षी नामशेष व्हायला आला आहे त्याच्यावरच औषधाची परीक्षा करायची, म्हणजे पावलागणिक धास्ती. आधी जगभरच्या प्राणिसंग्रहालयांकडे आणि पक्षिवैद्यांकडे चौकशी केली गेली, की तुम्ही मांसाहारी आणि मृतभक्षक पक्ष्यांना कोणती वेदनाशामकं देता आणि पुढे काय होतं? मेलॉक्सिकॅम नावाचं औषध ६० जातींच्या ७००हून अधिक पक्ष्यांना दिलेलं होतं आणि त्यापायी कुणी दगावल्याची नोंद नव्हती. मग प्रिटोरियाच्या विद्यापीठातले जेरी स्वॉन, विनी नायडू आणि त्यांचे सहकारी यांनी आफ्रिकेतल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांना ते आधी थोड्या मात्रेत आणि मग वाढवत दिलं. ते सुखरूप राहिल्यावर भारतातल्या बंदिस्त पक्ष्यांना दिलं. मेलॉक्सिकॅम गिधाडाच्या रक्तातून भराभर निघून जातं. २००६च्या सुरुवातीला हे निष्कर्ष छापून आले.

सरकारी पातळीवर तोवर हालचाल सुरू झालेली होती. २००५च्या मार्चमध्ये राष्ट्रीय वन्यजीव मंडळाने गुरांसाठीचं डायक्लोफिनॅक बंद करण्याची शिफारस केली होती, आणि २००६च्या मे महिन्यात भारताच्या औषध महानियंत्रकांनी त्याचं उत्पादन थांबवण्याचा आदेश काढला. नेपाळ आणि पाकिस्तान यांनीही त्याच वर्षी बंदी घातली. शोध लागल्यापासून बंदीपर्यंत दोन वर्षं आणि थोडे महिने लागले. आपल्या कारभाराच्या मानाने हा वेग मला कमी वाटत नाही.

फट राहिली ती दुसरीकडे. माणसांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घालण्याचं कारण नव्हतं. पण माणसाला एका वेळी ३ मिलिलिटर पुरत असताना ३० मिलिलिटरच्या कुप्याही सर्रास विकल्या जात होत्या. इतकी मोठी कुपी कुणाला लागते? बैलाला. २००८ साली ‘पशूंसाठी नाही’ असं छापायला लावलं, त्याने फारसं अडलं नाही. शेवटी २०१५च्या जुलैमध्ये माणसांसाठीचं इंजेक्शन एकाच मात्रेच्या ३ मिलिलिटरच्या कुपीत बांधलं गेलं. काही उत्पादक त्याविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयात गेले, तिथे २०१७ साली सरकारचा निर्णय टिकला.

पुढचं प्रकरण तर निव्वळ यकृताचं आहे. डायक्लोफिनॅक गेल्यावर दुकानांत ॲसिक्लोफिनॅक आलं. वेगळं नाव, वेगळा रेणू, कागदावर निर्दोष. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी गुरांना ते टोचून रक्त तपासलं, तर गाईच्या शरीरात त्याचं झपाट्याने डायक्लोफिनॅक बनत होतं. म्हणजे बंदी घातलेलं औषध दुकानातून निघून गाईच्या अंगात तयार होऊ लागलं होतं. किटोप्रोफेनही गिधाडांना मारतं हे त्याआधीच दक्षिण आफ्रिकेतल्या प्रयोगांनी दाखवलेलं होतं. या दोन्ही औषधांच्या पशुवापरावर भारतात बंदी आली ती २०२३च्या जुलैत. निमसुलाइडवर आली २०२४च्या शेवटच्या दिवसांत. डायक्लोफिनॅकच्या वेळी दाखवलेला वेग इथे कुठे गेला, असं विचारावंसं वाटतं.

ही ढिलाई आपलीच नाही. भारतातला सगळा संहार छापून झालेला असताना स्पेनने २०१३ साली गुरांसाठी डायक्लोफिनॅकला परवानगी दिली. आमच्याकडे मेलेल्या गुरांची विल्हेवाट शिस्तीने होते, हा त्यांचा युक्तिवाद होता. २०२० साली कॅटलोनियात काळ्या गिधाडाचं एक पिलू घरट्यात मेलेलं सापडलं, आणि त्याच्या अवयवांत डायक्लोफिनॅक निघालं.

परिणामांची मोजदाद करताना जरा सावध राहायला हवं. गिधाडं गेल्यावर मेलेली गुरं कुजत पडली, त्यांवर भटके कुत्रे पोसले गेले, कुत्र्यांबरोबर रेबीजची भीती वाढली, पाणवठे दूषित झाले, हे अनेकांनी सांगितलं आहे. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली त्याचा हिशोब मांडला. जिथे पूर्वी गिधाडं भरपूर होती आणि जिथे ती नव्हतीच, अशा जिल्ह्यांतले मृत्युदर त्यांनी ताडून पाहिले. गिधाडांच्या जिल्ह्यांत मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढला आणि २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख जास्तीचे मृत्यू झाले, असा त्यांचा अंदाज आहे. हा संख्याशास्त्रीय अंदाज आहे, मृतांची यादी नव्हे, आणि अशा हिशोबात मागे-पुढे होऊ शकतं. तरीही एका पक्ष्याच्या नसण्याचा भार माणसाच्या मृत्युदरात उतरतो, ही गोष्ट आकडा थोडा कमी-जास्त झाला म्हणून खोटी ठरत नाही.

कोकणात गिधाडं पूर्ण संपली नाहीत. रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातल्या चिरगावच्या रानात उंच झाडांवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी टिकून राहिली. महाडच्या सीस्केप संस्थेचे प्रेमसागर मेस्त्री यांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती राखली. रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने हे काम हाती घेतलं. भाऊ काटदरे यांच्या या संस्थेचं नाव वेळासच्या कासवांमुळे सर्वदूर झालं, पण गिधाडांची घरटी शोधणं आणि राखणं हेही तिने केलेलं काम आहे. इतरत्र महाराष्ट्रात नाशिक जिल्ह्यात हरसूलजवळच्या खोरीपाड्याला वनखात्याने गिधाडांसाठी अन्न ठेवण्याची जागा केली, गडचिरोलीत आणि फणसाडच्या अभयारण्यातही तसे प्रयत्न झाले. हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रात वाढवलेली वीस गिधाडं २०२४च्या जानेवारीत ताडोबा आणि पेंचमध्ये आणली गेली.

कोकणातल्या या कार्यकर्त्यांपुढे आता औषधाखेरीज दुसरीही अडचण आहे. भातखाचरात पॉवर टिलर आला, जोतं मोडली, गोठे रिकामे झाले. कोकण कपिला ही इथली बुटकी, काटक गुरं पूर्वीसारखी वाडीवाडीला दिसत नाहीत. गूरच नसेल तर मेलेलं गूर कुठून येणार? म्हणून गिधाडांना मुद्दाम अन्न पुरवावं लागतं. मेलेलं जनावर टेंपोत घालून आणायचं, कुत्र्यांपासून राखायचं, आणि त्याआधी मालकाला विचारायचं, की शेवटच्या आठ-दहा दिवसांत याला कोणतं इंजेक्शन दिलं होतं? मेलॉक्सिकॅम चालतं. बरेलीच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेतल्या प्रयोगांनंतर टॉल्फेनॅमिक आम्लही गिधाडांना चालतं असं ठरलं आहे. मालकाला नाव आठवत नसेल, कुपी फेकून दिलेली असेल, तर ते जनावर पुरलेलंच बरं.